शब्दांची उधारी: घरच्या संगणकावर जर्मनच्या सरावाची वही कशी मांडावी

माझी भाची मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती सांगलीला आली ती दोनशे पानी वही बगलेत मारूनच. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ, अशी पानंच्या पानं भरलेली. म्हणाली, "मामा, रोज पहिल्या पानापासून वाचायला बसते. पहिली दहा पानं तोंडपाठ आहेत. शेवटची दहा उघडली की वाटतं, हे कुणी लिहिलंय?"

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. भाषेतलं मला फार कळत नाही, पण उधारी कळते. जे गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं त्याला रोज फोन करत नाहीत, आणि जे टाळाटाळ करतं त्याला महिन्यानं विचारून भागत नाही. भाचीची वही नेमकं उलटं करत होती. चांगल्या गिऱ्हाइकाच्या दारात रोज उभी, आणि बुडव्याकडे पोचेपर्यंत तिला झोप येत होती. त्या संध्याकाळी आम्ही एक्सेलसारख्या साध्या तक्त्यात शब्दांची उधारी-वही मांडली. ती कशी मांडायची, आम्ही कुठे आपटलो आणि शब्द वाढल्यावर पुढे कुठे जायचं, ते इथे सगळं लिहितो. उदाहरणं जर्मनची आहेत, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवायचा करार केला आणि नर्सिंगच्या मुलामुलींच्या घरात तोच विषय निघायला लागला. जपानी किंवा फ्रेंच शिकणाऱ्यालाही मांडणी तीच चालते.

ही युक्ती माझी नाही. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती दिवसांत किती विसरतो याचा हिशेब ठेवला आणि १८८५ मध्ये छापला. पहिल्या काही तासांत माणूस सपाटून विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे विसरायच्या बेताला आलेलं आठवून काढलं की ते जास्त दिवस टिकतं. पुढे १९७०च्या दशकात सेबास्टियान लाइटनर यानं खोक्यात खण पाडून त्यात चिठ्ठ्या ठेवायची पद्धत लोकांत आणली. चिठ्ठीवरचं उत्तर बरोबर आलं तर ती पुढच्या खणात, चुकलं तर परत पहिल्या खणात. मागचे खण क्वचित उघडायचे, पहिला रोज. मी खणाला ‘पत’ म्हणतो. पत वाढली की मुदत वाढते.

तयारी

एक्सेल असेल तर उत्तम. नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं, त्यातला कॅल्क हा भाग याच कामाचा. जुना, रडतखडत चालणारा संगणकही पुरतो. इंटरनेट लागत नाही, आणि ही मोठीच सोय, कारण इंटरनेट चालू असलेल्या मोबाइलवर शब्द पाठ करायला बसलेलं पोर दहाव्या मिनिटाला काय बघत असतं ते मी पाहिलंय.

आधी कीबोर्डचं बघा. जर्मनमध्ये ए, ओ आणि यू या अक्षरांवर दोन टिंबं येतात, आणि दुहेरी एसचं एक वेगळं अक्षर असतं. टिंब गाळलं तर शब्द बदलू शकतो, त्यामुळे ‘चालतंय की’ असं म्हणून सोडू नका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज, तिथे इंग्रजीच्या पर्यायांत जाऊन ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ हा कीबोर्ड जोडा. मग उजवीकडचं ऑल्ट दाबून क्यू दाबलं की टिंबवाला ए, पी दाबलं की टिंबवाला ओ, वाय दाबलं की टिंबवाला यू आणि एस दाबलं की दुहेरी एस उमटतो. पाच मिनिटांत हात बसतो.

मात्र या कीबोर्डवर अवतरणचिन्हाचं बटण लगेच उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघतं. नुसतं चिन्ह हवं असेल तर नंतर स्पेस दाबावी लागते. सूत्रं लिहिताना याचा वैताग येतो. म्हणून सूत्रं नेहमीच्या कीबोर्डवर लिहून घ्या आणि जर्मन लिहायला बसताना विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून कीबोर्ड बदला. मोठ्या संगणकाला उजवीकडे आकड्यांचे खटके असतील तर ऑल्ट धरून १३२, १४८, १२९ आणि २२५ दाबल्यावरही हीच चार अक्षरं त्याच क्रमानं येतात. लॅपटॉपवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

रकाने

पहिल्या ओळीत मथळे लिहा. ‘ए’ रकान्यात मराठी, ‘बी’मध्ये जर्मन, ‘सी’मध्ये आजचं उत्तर, ‘डी’मध्ये निकाल, ‘ई’मध्ये पत, ‘एफ’मध्ये शेवटची विचारणा, ‘जी’मध्ये पुढची मुदत, ‘एच’मध्ये वसुली आणि ‘आय’मध्ये पिसणी. शब्द दुसऱ्या ओळीपासून सुरू.

‘ए’ आणि ‘बी’ हातानं भरायचे. ‘ई’मध्ये प्रत्येक नव्या शब्दापुढे १ लिहायचं, कारण नव्या गिऱ्हाइकाची पत एवढीच असते. ते रिकामं सोडलं तर पुढचं सूत्र गडबडतं. ‘सी’ आणि ‘एफ’ सध्या मोकळे.

आता सूत्रं. इथे ती देवनागरीत लिहितोय, पण पडद्यावर अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाइप करायचे. सूत्राच्या नावाचं स्पेलिंग आठवत नसेल तर बरोबरचं चिन्ह देऊन पहिली दोन-तीन अक्षरं मारा, खाली यादी येते. स्वल्पविराम स्वीकारला नाही तर त्या जागी अर्धविराम द्या, काही संगणकांवर तसं बसवलेलं असतं.

‘डी२’ मध्ये:
=इफ(सी२="","",इफ(एक्झॅक्ट(ट्रिम(सी२),ट्रिम(बी२)),"बरोबर",बी२))

याचा अर्थ असा: उत्तर लिहिलंच नसेल तर गप्प बस, उत्तर तंतोतंत जुळलं तर ‘बरोबर’ म्हण, नाही तर खरं उत्तर दाखव. सुरुवातीला मी तिथे नुसतं ‘चूक’ लिहिलं होतं. भाची म्हणाली, "मामा, चूक ते मलाबी कळतंय, बरोबर काय ते सांगा की." म्हणून शेवटी ‘बी२’ आला. ट्रिम आगेमागे चुकून पडलेल्या स्पेस काढतं. एक्झॅक्ट मोठी आणि छोटी अक्षरंसुद्धा वेगळी मानतं, आणि इथे तेच हवंय. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, मग ते वाक्यात कुठेही असो. नुसतं बरोबरचं चिन्ह वापरून तपासलं तर एक्सेल ही चूक पोटात घालतं.

‘जी२’ मध्ये:
=एफ२+चूज(ई२,१,२,४,८,१६)

पत १ असेल तर शेवटच्या विचारणेनंतर एका दिवसानं पुन्हा विचारायचं, २ असेल तर दोन दिवसांनी, मग चार, आठ, सोळा. हे आकडे कुणी दगडावर कोरलेले नाहीत. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर १, २, ३, ५, ८ करा. ‘जी’ रकान्यात तारखेऐवजी मोठा आकडा दिसला तर घाबरू नका, माउसची उजवी कळ दाबून फॉरमॅट सेल्समध्ये ‘डेट’ निवडा.

‘एच२’ मध्ये:
=इफ(जी२<=टुडे(),"वसुली","")

आणि ‘आय२’ मध्ये नुसतं =रँड(). ही सूत्रं दुसऱ्या ओळीत लिहून चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढली की सगळ्या ओळींना लागतात. नव्या शब्दाचा ‘एफ’ रिकामा असल्यामुळे त्याची मुदत शंभर वर्षांपूर्वीच उलटलेली निघते आणि तो आपोआप पहिल्याच दिवशी वसुलीला येतो. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं ते बरं झालं.

आता माझी चूक ऐका. ‘एफ’मध्ये रोज तारीख कोण लिहीत बसणार, म्हणून शहाणपणा करून मी तिथेही टुडे() टाकलं. पहिल्या दिवशी सगळं छान. दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, "मामा, आज काहीच वसुली नाही." म्हटलं, चांगलं आहे, पोरगी हुशार. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी माझी ट्यूब पेटली. टुडे() रोज सकाळी आजची तारीख दाखवतं. म्हणजे शेवटची विचारणा कायम आज, आणि मुदत कायम उद्या. गिऱ्हाईक रोज "उद्या देतो" म्हणतंय आणि वही रोज मान डोलावतेय! ‘एफ’मध्ये तारीख मुरलेली हवी, हलती नको. त्यासाठी त्या चौकटीत कंट्रोल आणि अर्धविराम एकत्र दाबायचं. आजची तारीख कायमची लिहिली जाते. एक्सेलमध्येही हेच आणि कॅल्कमध्येही हेच.

रोजची वसुली

सकाळी फाइल उघडली की आधी पिसणी. सगळा तक्ता ‘आय’ रकान्यावरून चढत्या क्रमानं लावा म्हणजे शब्द पत्त्यांसारखे पिसले जातात. हे टाळू नका. ठरावीक क्रमानं शब्द येत राहिले की मेंदू शब्द लक्षात ठेवत नाही, क्रम लक्षात ठेवतो. ‘खिडकी’नंतर ‘दार’ येतं म्हणून दाराचं उत्तर येतं, आणि वॉर्डात एकटं दार समोर आलं की बोंब. तक्ता लावताना सगळे रकाने निवडलेत ना ते बघा. एकच रकाना हलला तर साखरेचा अर्थ सुईपुढे जाऊन बसेल.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबून गाळणी (फिल्टर) लावा आणि ‘एच’मध्ये फक्त ‘वसुली’ ठेवा. ‘बी’ रकान्याच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून तो लपवा. ‘सी’ रिकामा आहे ना ते बघा. आता एकेक मराठी शब्द वाचून ‘सी’मध्ये जर्मन लिहीत खाली जा. आधी तोंडानं म्हणायचं, मग लिहायचं. मनातल्या मनात ‘येतंय, येतंय’ म्हणून पुढे सरकलेला शब्द येत नसतो.

संगणक आगाऊपणा करून अर्धा शब्द स्वतःच पुरा करायला लागला तर ती सवय बंद करा. कॅल्कमध्ये टूल्स मेनूत ऑटोइनपुट, एक्सेलमध्ये ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात ऑटोकम्प्लीट. नाही तर त्याच रकान्यात वर लिहिलेलं एखादं उत्तर खाली आयतं मिळतं.

सगळं लिहून झालं की हिशेब. बरोबर आलेल्याची पत एकनं वाढवा, पाचच्या वर नेऊ नका. चुकलेल्याची पत सरळ १. दोन्हींपुढे कंट्रोल आणि अर्धविराम मारून तारीख. मग ‘सी’ पुसा. वीस शब्दांना हे सगळं मिळून दहा-बारा मिनिटांत होतं. चुकलेल्या शब्दाची पत एकानंच कमी करावी का, असं मला विचारलं गेलं. मी म्हणतो, नको. चौथ्या पायरीवरचा शब्द विसरला तर त्याला दया दाखवून तिसरीवर ठेवलं की पुढचे चार दिवस तो विसरलेलाच राहतो. पहिलीवर आणला तर आठवड्याभरात परत वर येतो, आणि या खेपेला पक्का येतो.

कधी उत्तर दिसायला अगदी सारखं असतं तरी निकाल ‘बरोबर’ म्हणत नाही. अशा वेळी बहुधा ‘बी’मधला शब्द एखाद्या संकेतस्थळावरून उचलून चिकटवलेला असतो आणि त्यात न दिसणारी वेगळ्या जातीची स्पेस शिरलेली असते. ट्रिमला ती ओळखू येत नाही. तो शब्द हातानं पुन्हा टाइप करा. तसंही शब्द चिकटवण्यापेक्षा टाइप केलेले बरे, त्या टायपिंगमध्येच पहिली उजळणी होते.

‘ए’ रकान्यात इंग्रजी नको

खरं तर हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो संगणकाचा नाहीच. भाचीच्या वहीत अर्थ इंग्रजीत होते, कारण पुस्तकात तसे होते. आम्ही ते सगळे मराठीत केले, आणि जर्मन निम्मी सोपी झाली.

लिंगाचंच घ्या. इंग्रजीत टेबलाला लिंग नाही. जर्मनमध्ये तीन आहेत, डेर, डी आणि डास. ऐकून पोरं हादरतात (डास म्हटल्यावर तर मिरजेत कुणीही हात झटकेल). पण आपल्याकडेही तो, ती, ते आहेतच. मराठी माणसाला तीन लिंगं नवी नाहीत, फक्त वाटणी वेगळी आहे. रक्तदाब तो, ब्लूटद्रुकही डेर. गोळी ती, टाब्लेटं ही डी. दात तो, चान हा डेर. जिथे जुळतं तिथे काही करायचंच नाही. जिथे भांडण आहे तिथे मराठी शब्दाच्या आधी एक फुली टाका. ताप तो, पण फीबर डास. सूर्य तो, पण झोनं डी. दार ते, ट्यूर डी. खिडकी ती, फेन्स्टर डास. सुरी ती, मेसर डास. साखर ती, चुकर डेर. फुलीवाल्यांवरच जोर द्यायचा.

मुलगी या अर्थाचा मेडशेन हा शब्द जर्मनमध्ये डास आहे, यावर क्लासमध्ये सगळे हसतात म्हणे. यात हसण्यासारखं काय आहे? आपण ‘ते पोरगं’, ‘ते कोकरू’, ‘ते पिल्लू’ म्हणतोच की. ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा शेपटीचा प्रत्यय, आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. जोडशब्दांचंही आपल्या समासासारखंच. देवघर ते, कारण घर ते. क्रांकेनहाउस, म्हणजे रुग्णालय, डास, कारण हाउस डास. नेहमी शेवटचं पद बघायचं.

तू आणि तुम्ही हा भेद इंग्रजी ‘यू’मध्ये बुडून जातो. जर्मनमध्ये डू आणि झी वेगळे आहेत, आणि पेशंटला डू म्हणणं म्हणजे ओळखपाळख नसलेल्या आजोबांना अरे-तुरे करणं. ‘ए’ रकान्यात "तुम्हाला दुखतंय का?" असं लिहिलं की ‘बी’मध्ये आपोआप "हाबेन झी श्मेर्चेन?" येतं, डू सुचतच नाही.

आणि वाक्यरचना. जर्मनमध्ये ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी जातं. इंग्रजी माध्यमातली पोरं इथे अडखळतात. "वाइल इश क्रांक बिन." कारण मी आजारी आहे. एकेक शब्द खाली खाली मांडून बघा: वाइल, कारण. इश, मी. क्रांक, आजारी. बिन, आहे. क्रमसुद्धा बदलायचा नाही! भाचीनं हे वाक्य कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं तेव्हा मी चहा खाली ठेवला.

उच्चारातही एक गोष्ट फुकट मिळते. जर्मन झेड म्हणजे चमच्यातला, चाकातला च. ‘चार’मधला नव्हे. चुकर म्हणताना ‘चूक’ म्हणतो तसं म्हणायचं. हिंदीभाषकांना हा उच्चार मुद्दाम बसवावा लागतो. टिंबवाला यू मात्र आपल्याकडे नाही. ‘ऊ’ म्हणायला ओठ करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर करा, घरच्यांसमोर नको.

एका ओळीत एकच गोष्ट विचारा. नाम असेल तर डेर-डी-डाससकटच लिहा, नुसतं नाम कधीच नको. अनेकवचन वेगळ्या ओळीत, म्हणजे ‘दार’ एका ओळीत आणि ‘दारं’ दुसऱ्या. आणि शंभरेक शब्द झाले की निम्म्या ओळी वाक्यांच्या करा, तुमच्या कामाच्या वाक्यांच्या. "कुठे दुखतंय?" "वो टूट एस वे?" अशी. रेडीमेड अ‍ॅपमध्ये सफरचंद खाणारा माणूस भेटतो, ताप मोजणारी नर्स क्वचितच. तुमच्या वहीत ती पहिल्या पानावर असू शकते.

शब्द वाढल्यावर

जर्मनच्या पहिल्या पातळीला, म्हणजे ए१ला, साडेसहाशेच्या आसपास शब्द लागतात. नर्सचं काम करायला साधारण बी२पर्यंत जावं लागतं, म्हणजे आणखी तीन पायऱ्या. तीनशे-चारशे ओळींपर्यंत आपली उधारी-वही मस्त चालते. त्यापुढे हातानं पत वाढवणं, तारखा मारणं याचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की वही बंद पडते. अशा वेळी अँकी घ्या.

अँकी हा फुकट प्रोग्राम २००६ पासून आहे. अंकी या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर. पोलंडच्या पिओत्र वोझनियाक यानं १९८७ मध्ये आपल्या संगणकावर मुदत ठरवायचं जे गणित मांडलं, त्यावर तो उभा राहिला. २०२३ पासून त्यात आणखी नवं गणितही आलंय, ते तुमच्या चुका बघून मुदत ठरवतं. संगणकावर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावानं फुकट, आयफोनवर मात्र पैसे पडतात. नावात थोडा फरक करून बनवलेली भलतीच अ‍ॅप आहेत, तेव्हा नाव नीट बघून घ्या.

वही अँकीत न्यायची तर फक्त ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन रकाने नव्या कोऱ्या फाइलमध्ये उतरवा, मथळ्याची ओळ सोडून. मग सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, म्हणून साठवा, पण एक्सेलच्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असं लिहिलेला पर्याय निवडा. नुसत्या ‘सीएसव्ही’वर गेलात तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ मिळेल. मी पहिल्या खेपेला चारशे ओळी अशाच घालवल्या, मूळ फाइल होती म्हणून वाचलो. कॅल्कमध्ये साठवताना अक्षरसंच विचारतात, तिथे यूनिकोड यूटीएफ-८ निवडा.

अँकीत फाइल मेनूतून इम्पोर्ट. प्रकार निवडताना ‘बेसिक’मधला उत्तर टाइप करायला लावणारा घ्या, आपल्या वहीच्या तो सगळ्यात जवळचा. एक खाचखळगा आहे. अँकी पहिल्या रकान्यावरून ओळ ओळखतं. तुमच्याकडे दोन ठिकाणी नुसतं ‘गोळी’ असेल तर दुसरी ओळ पहिलीवर बसू शकते. म्हणून ‘गोळी (औषधाची)’ असं लिहून घ्या.

डेकच्या, म्हणजे अँकीतल्या शब्दांच्या गठ्ठ्याच्या, पर्यायांत रोजचे नवे शब्द वीस असतात. ते दहावर आणा. वीस नवे शब्द रोज घेतले की काही आठवड्यांत रोजची उजळणी दोनशेच्या घरात जाते, आणि मग एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी फाइल उघडायची छाती होत नाही. उत्तरानंतर चार बटणं येतात. शब्द आठवला नसेल तर ‘अगेन’ दाबा, लाज वाटून ‘हार्ड’ दाबू नका. ‘हार्ड’चा अर्थ जड गेलं पण आठवलं असा आहे. खोटं ‘हार्ड’ दाबणं म्हणजे न आलेले पैसे जमेला धरणं.

कान आणि तोंड

लिहिता आलं म्हणून ऐकता येत नाही. ए१च्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात आणि पास व्हायला शंभरापैकी साठ लागतात. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या आणि नवशिक्यांचे धडे फुकट आहेत. बातमी सुरुवातीलाच झेपत नाही, धड्यांनी सुरुवात करा. आवाजाची फाइल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडून प्लेबॅक मेनूतून वेग कमी करा. व्ह्यू मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू केले की एक बटण मिळतं, त्यानं वाक्याची सुरुवात आणि शेवट पकडून तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवता येतं. ऐकायचं, थांबवायचं, आपल्या वहीच्या ‘सी’मध्ये लिहायचं. ‘ए’मध्ये मराठीऐवजी धड्याचा आणि वाक्याचा नंबर टाकला की ती श्रुतलेखनाची वही झाली, बाकी सूत्रं तीच.

बोलण्यासाठी अँकीत शब्द भरताना एफ५ दाबलं की आपला आवाज टिपता येतो. भाचीनं जर्मनच्या बाईंना विनंती करून शंभरेक वाक्यं त्यांच्या आवाजात टिपून घेतली आणि ती उत्तराच्या बाजूला जोडली. आपण म्हणायचं, मग बाईंचं ऐकायचं. हे सगळं असलं तरी समोर माणूस हवाच. चुकीचा उच्चार संगणकासमोर हजार वेळा केला तरी तो कपाळाला आठी घालत नाही.

वही जपणं

२०१९च्या पुरात गणपती पेठेत लोक हिशेबाच्या वह्या गच्चीवर वाळवत होते. तेव्हापासून मी कुठलीच फाइल एका जागी ठेवत नाही. आठवड्यातून एकदा फाइल तारखेच्या नावानं पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर टाका. अँकीवाल्यांनी अँकीवेबवर फुकट खातं उघडून वरचं सिंकचं बटण दाबत जा.

त्याच दिवशी एक छोटा ताळाही काढता येतो. ‘ई’ रकाना सोडून कुठल्याही रिकाम्या चौकटीत =काउंटइफ(ई:ई,१) लिहा म्हणजे पत १ असलेले, म्हणजे बुडवे, किती आहेत ते कळतं. हा आकडा आठवड्यामागून आठवडा वाढतच असेल तर नवे शब्द भरणं थांबवा आणि आधी जुनी बाकी निकाली काढा. भाचीच्या वहीत एकदा हा आकडा नव्वदवर गेला होता. तिनं दहा दिवस एकही नवा शब्द घेतला नाही.

परीक्षेसाठी ती पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनला जाणार आहे, मिरजेहून कोयना एक्स्प्रेसनं. गाडीत बसायच्या आधी, घरच्या वाय-फायवर, मोबाइलवरच्या अँकीड्रॉइडमध्ये सिंक पूर्ण होऊ द्यायचं, आवाजाच्या फाइलींसकट, एवढं मी तिला बजावलंय. सातारा सुटलं की घाटात रेंज ये-जा करते, आणि बाईंचा आवाज तिथेच अडकायला नको.